मामांची गोळी आणि 1970 चा कायदा

परवा प्रभादेवीला मामांकडे गेलो होतो. मामा गिरणी कामगार. 1982 च्या संपानंतर गिरणीत परत गेलेच नाहीत. स्टेशनचं नाव 2018 मध्ये प्रभादेवी झालं, पण ते अजून एल्फिन्स्टनच म्हणतात. मला मात्र त्यांनी ओळखलं नाही. मामींनी त्यांना रात्रीची गोळी दिली. पाकिटावर नाव होतं डोनेपेझिल. पत्रकाराची खोड, तिचा इतिहास शोधत बसलो.

मेंदूत ॲसिटाइलकोलिन नावाचं रसायन एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतं. काम झालं की एक एन्झाइम ते तोडून टाकतं. अल्झायमरमध्ये या रसायनाचीच टंचाई होते, हे 1976 च्या सुमारास ब्रिटनमध्ये दिसून आलं. मग विचार झाला, तोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवलं तर? पहिलं औषध टॅक्रीन, 1993 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते यकृताला बाधायचं.

इकडे संपाने गिरणगाव उद्ध्वस्त होत होतं, तेव्हा, 1983 मध्ये, जपानच्या एझाय कंपनीत हाचिरो सुगिमोतो कामाला लागले होते. त्यांच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता, ती पोटच्या पोराला ओळखत नव्हती. एन्झाइमच्या खोबणीत चपखल बसेल असा रेणू शोधायला शेकडो संयुगं करून पाहिली. त्यातून आलं डोनेपेझिल. अमेरिकेत मंजुरी 1996.

मग ही जपानी गोळी गिरणी कामगाराच्या घरात परवडते कशी? उत्तर दिल्लीत आहे आणि मुंबईतही. 1970 चा पेटंट कायदा 1972 पासून लागू झाला. औषधावर पेटंट नाही, फक्त बनवायच्या पद्धतीवर. त्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद पुढे होते. म्हणून सिप्लासकट आपल्या कंपन्यांना हे औषध स्वतःच्या पद्धतीने बनवता आलं.

2005 मध्ये हे दार बंद झालं. आता औषधावरच पेटंट मिळतं. एझायनेच बायोजेनबरोबर आणलेलं नवं औषध लेकानेमॅब अमेरिकेत वर्षाला 26,500 डॉलरचं आहे. मामींच्या हिशोबात हा आकडा बसणारच नाही.

डोनेपेझिलने आजार थांबत नाही, लक्षणं काही काळ सावरतात, एवढंच. पण तो काळ गरिबालाही मिळाला, तो एका कायद्यामुळे. पुढच्या औषधाच्या वेळी आपण काय करणार, हे कुठल्या जाहीरनाम्यात वाचलंय का तुम्ही?

निघताना मामा म्हणाले, "जपून जा हो पाहुणे, एल्फिन्स्टनला गर्दी असते."