मंडळात कोडिंगची गंमत-स्पर्धा : आखणी कशी करावी?



गणपतीत चित्रकला, दिवाळीत रांगोळी, संक्रांतीला पाठांतर या स्पर्धा आपल्याकडे होतातच. आता मुले विचारतात, "कोडिंगची स्पर्धा कधी?" ती घेऊ इच्छिणाऱ्या मंडळांसाठी आम्ही ही माहिती एकत्र केली आहे.

कॅनडातला नमुना

वॉटर्लू विद्यापीठाची 'कॅनेडियन कंप्युटिंग कॉम्पिटिशन' १९९६ पासून होते. ज्युनियर आणि सीनियर असे दोन गट, ५ प्रश्न, प्रत्येकी १५ गुण आणि वेळ ३ तास, असे तिचे स्वरूप आहे. पहिला प्रश्न नवख्याला सुटावा असा, तर शेवटचा भल्याभल्यांना घाम फोडणारा! सीनियर गटातील निवडक मुले पुढे कॅनेडियन ऑलिंपियाडला आणि त्यातून ४ जण आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला जातात. ते ऑलिंपियाड २०१० साली वॉटर्लूलाच भरले होते.

पाचवी ते दहावीसाठी 'बीव्हर कंप्युटिंग चॅलेंज' आहे. त्यात कोड लिहावा लागत नाही, फक्त तर्क लढवायचा. मूळ कल्पना लिथुआनियातली, २००४ ची. तिथले नाव 'बेब्रास', म्हणजे बीव्हरच. दोन्ही स्पर्धांचे जुने प्रश्न विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. सरावाला तेच घ्यावेत.

आपली आखणी

१. लहानांना कागदावरची कोडी किंवा स्क्रॅच, मोठ्यांना पायथन. वेळ दीड तास पुरे.

२. एका संगणकावर दोघे बसवावेत, एक अनुभवी आणि एक नवखा. संगणकही कमी लागतात आणि मुले एकमेकांशी बोलतात.

३. प्रश्न घरचे असावेत. उदाहरणार्थ : २१ मोदक काही मुलांना सारखे वाटायचे, प्रत्येकाला किती आणि उरले किती? मुले ४ असतील तर ५ मिळतात, १ उरतो. ३० असतील तर प्रत्येकाला ० आणि उरले २१! आई अर्धे-अर्धे करून देईल, संगणक देणार नाही. आणि मुले ० असतील तर? शून्याने भागायला गेलेला प्रोग्रॅम तिथेच अडतो. खरी गंमत अशा तपासणीत आहे, म्हणून प्रत्येक तपासणीला वेगळे गुण ठेवावेत. अर्धवट उत्तरालाही काहीतरी मिळते.

४. प्रश्न आधी एखाद्या मोठ्या मुलाकडून सोडवून घ्यावेत. चुका तिथेच सापडतात.

एक नाजूक मुद्दा

अनेकांनी स्वतः न लिहिलेला कोड दिल्याचे आढळल्याने २०२५ साली विद्यापीठाने या स्पर्धेचे अधिकृत निकालच जाहीर केले नाहीत. प्रामाणिकपणे सोडवणाऱ्या मुलांचेही गुण त्यात गेले. हे मनाला लागणारे आहे. आपल्याकडे इंटरनेट बंद ठेवावे आणि शेवटी प्रत्येक जोडीला "हे कसे केलेस ते सांग" असे विचारावे. समजावून सांगण्यालाही गुण द्यावेत.

पालकांनाही एक विनंती. आपण स्कॉलरशिपच्या परीक्षा देऊन मोठे झालो, त्यामुळे "किती मिळाले?" हे पहिले तोंडावर येते. त्याऐवजी "कुठे अडलास? कुठे अडलीस?" असे विचारू या. आणि मुलांच्या खुर्चीमागे उभे न राहता चहाच्या टेबलाशी गप्पा मारू या!

आपले अनुभव जरूर कळवा. लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
कार्यकारी समिती