वजनकाट्यावरची मोटार



या व्यासपीठावरून वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत अनेक विषयांवर विद्वानांनी आपले विचार मांडले आहेत. मी विद्वान नव्हे. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढे जे थोडेफार शिकलो ते युनियनच्या कचेरीतील एका कपाटातून, सार्वजनिक वाचनालयातून आणि कामगारांच्या तोंडून. तेव्हा चालकांनी विषय विचारला आणि मी "मोडकी आलिशान मोटार भंगारात विकणे" असे सांगितले, त्या वेळी मी थट्टा करतो आहे असे त्यांना वाटले. थट्टा नव्हती. एखाद्या वस्तूची किंमत कशात असते, हा प्रश्न ती विकत घेताना आपणांस सहसा पडत नाही. ती मोडल्यावर काट्यावर चढते तेव्हाच तो नीट कळतो. आणि त्या काट्याजवळ उभा असलेला मनुष्यही त्याच वेळी दिसतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. माझे वडील त्यांपैकी एक. साचेखात्यात बावीस वर्षे काढलेले. त्यांच्यापुरती गिरणी पुन्हा उघडलीच नाही. मी शाळा सोडली आणि पुढे कुर्ल्याच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. १९८६ च्या उन्हाळ्यात तेथे एक मोटार ट्रकमागून दोराने ओढीत आणण्यात आली. पॅकार्ड, १९४७ सालची. आठ सिलिंडरांचे, एका ओळीतले लांबलचक इंजिन. पण त्याचा ब्लॉक तडकलेला. मालक एक वयस्क व्यापारी गृहस्थ होते. "हिच्यातून माझी वरात निघाली होती," असे म्हणून ते दारावरून हात फिरवीत राहिले. भंगारवाला काही बोलला नाही. त्याने बॉनेट वर केले, इकडेतिकडे बोटांनी ठोकून पाहिले आणि मनाशी हिशेब केला : बीड किती, तांबे किती, पितळ किती, पत्रा किती. मग म्हणाला, "साडेसात हजार." शेटजींनी गाडीचे कूळ सांगावयास सुरुवात केली. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "शेठ, काटा नाव वाचत नाही."

ती गाडी आम्ही तिघा पोरांनी चार दिवसांत तोडली. रेडिएटरचे तांबे-पितळ निराळे, बॅटरीचे शिसे निराळे, बिडाचा ब्लॉक घणाने फोडून निराळा. बॅटरी फोडताना आमच्यातल्या मोठ्या मुलाच्या हातावर तेजाब उडाले. हळद लावून त्याला घरी पाठविले, आणि त्या दिवसाचा रोज कापला. संध्याकाळी घरी गेल्यावर मी वडिलांना गाडीचा भाव सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "मोडल्यावरही भाव आला म्हणायचा."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. पुढे वाचता येऊ लागले तेव्हा ती पॅकार्ड आली कोठून, याचा मी शोध घेतला. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर १९०३ साली पॅकार्डचा कारखाना सुरू झाला. आल्बर्ट कान या शिल्पज्ञाने तो रचला होता. तेथे श्रीमंतांच्या मोटारी बनत. दुसऱ्या महायुद्धात तेथेच रोल्स-रॉइसच्या परवान्याने पंचावन्न हजारांवर विमानाची इंजिने बनली. १९५६ साली डेट्रॉइटमधील पॅकार्ड मोटारींचे उत्पादन थांबले, आणि १९५८ नंतर पॅकार्ड हे नावही बाजारातून गेले. आमच्या शेटजींना इंजिनाचा सुटा भाग का मिळाला नाही, याचे उत्तर येथे आहे : त्या भागाची माता तीस वर्षांपूर्वीच निवर्तली होती. पुढे त्या रिकाम्या इमारती कित्येक वर्षे उभ्या होत्या. भंगार वेचणारे लोक त्यांतली तांब्याची तार आणि लोखंड काढून नेत राहिले. २०२२ साली त्या पाडण्यास प्रारंभ झाला. म्हणजे गाडी तर भंगारात गेलीच, तिच्या पाठोपाठ तिचा कारखानाही गेला.

आता कोणी विचारील, साधी गाडी जुनी झाली तरी तिला गिऱ्हाईक मिळते. मग थाटाच्या गाडीची किंमत इतक्या झपाट्याने का उतरते? कारण सरळ आहे. ज्याच्यापाशी तिला पोसण्याची ऐपत असते तो नवीच घेतो. आणि जुन्या भावात जो ती घेऊ शकतो, त्याला तिचे पेट्रोल, टायर आणि मिस्त्री परवडत नाहीत. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून काही गरिबाने दारी बांधावयाचा नसतो. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग 'जे' ही गाडी १९२८ साली निघाली. तिचा नुसता सांगाडा, इंजिनासह पण अंगावर पत्रा नाही असा, साडेआठ हजार डॉलरना मिळे. पत्र्याचे आणि गाद्यांचे काम गिऱ्हाइकाने आपल्या आवडीच्या कारागिराकडून करून घ्यावयाचे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनीही अशी एक गाडी घेतली होती. मंदीच्या तडाख्यात ती कंपनी १९३७ साली बुडाली, आणि नंतर याच गाड्या काहीशे डॉलरना मिळू लागल्या. पुष्कळ जुन्या थाटाच्या गाड्यांचा मागचा भाग कापून त्यांवर यारी बसविली गेली आणि त्या दुसऱ्यांच्या मोडक्या मोटारी ओढू लागल्या. काहींच्या शववाहिका झाल्या. आणि गंमत पाहा : २०१८ साली एका खास बनावटीच्या ड्यूसेनबर्गला लिलावात २ कोटी २० लक्ष डॉलर मिळाले. पोलाद पूर्वीचेच होते. बदलली होती ती माणसांची हौस. हौसेचा भाव माणसाच्या मनात असतो, भंगाराचा भाव वजनात असतो, आणि मोटार आपल्या आयुष्यात या दोन भावांमध्ये हेलकावे खात असते.

परंतु भंगाराचा भावसुद्धा नुसत्या वजनाने ठरत नाही. त्यामागे कोणाची तरी गरज असते. याचे बोलके उदाहरण हेन्री फोर्डच्या रिव्हर रूज येथील प्रचंड कारखान्यात सापडते. ज्या माणसाने मोटार जोडण्याची सरकती रांग जगाला दाखविली, त्यानेच १९३० च्या सुमारास तेथे मोटार तोडण्याची रांग उभारली. विक्रेत्यांनी कोणत्याही कंपनीची, कितीही मोडकी गाडी आणावी. बॅटरी आणि टायर असले की वीस डॉलर रोख. एका टोकाने गाडी आत जाई. कोणी काचा काढी, कोणी गाद्यांचे कातडे, कोणी लाकडी फळ्या. ते सारे कारखान्यातच उपयोगात येई. उरलेला सांगाडा दाबून चेपला जाई आणि पोलादाच्या भट्टीत पडे. काल ज्या गाडीकडे लोक मान वळवून पाहत, ती आणि शेजारची खटारा फोर्ड, दोन्हींचा रस एकच.

हा काही धर्मादाय नव्हता. जुन्या गाड्या बाजारात तुंबल्या की नव्या खपत नाहीत. त्या वाटेतून दूर करण्याची ती युक्ती होती. असो, व्यापाऱ्याने व्यापार करावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार निराळी आहे. मंदी वाढली तसे याच कारखान्यातून हजारो कामगार काढले गेले. ७ मार्च १९३२ रोजी कडाक्याच्या थंडीत काही हजार बेकार माणसे रूजच्या दरवाजाकडे मोर्चाने निघाली. काम परत द्या, आजारपणात औषधपाण्याची सोय करा, गोऱ्या-काळ्यांत भेद करू नका, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांच्यावर अश्रुधूर सोडण्यात आला, पाण्याचे फवारे मारण्यात आले, आणि शेवटी पोलिसांनी व कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. त्यात चौघे मारले गेले. पाचवा पुढे काही महिन्यांनी दगावला.

मोडकी मोटार दारात नेली तर वीस डॉलर. झिजलेला कामगार दारात गेला तर गोळी. हे मी संतापून बोलत नाही. हा सरळ हिशेब आहे. मोटारीला भाव होता, कारण तिचे पोलाद पुन्हा वितळविता येत होते. माणूस वितळत नाही. म्हणून त्याचा भाव त्याला एकत्र येऊन मागावा लागतो. फोर्डने कामगारांच्या युनियनशी करार केला तो १९४१ साली, संपानंतर. नऊ वर्षे लागली.

यानंतरचा एक प्रसंग अगदी अलीकडचा आहे. २००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकन सरकारने जुनी, पेट्रोल पिणारी गाडी देऊन नवी घेणाऱ्यास साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर देण्याची योजना काढली. तीन अब्ज डॉलर खर्च झाले, सुमारे सात लाख गाड्या आल्या. अट अशी की गाडी चालती हवी. मग त्या चालत्या इंजिनात तेलाऐवजी सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून ते सुरू करावयाचे. काही मिनिटांत इंजिन आतून जखडून कायमचे बंद पडे. गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये यासाठी ही तजवीज होती. ज्या बिचाऱ्याची गाडी आधीच मोडून अंगणात पडली होती, त्याला मात्र या योजनेतून काही नाही; त्याने नेहमीच्या भंगारवाल्याकडे जावे ! सरकारी भाव हा गाडीचा नसून धोरणाचा होता, हे यावरून ध्यानात यावे.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ साली मोटारी जोडण्याचा कारखाना काढला; तो १९५४ साली बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना कुर्ल्याला होता. त्याच कुर्ल्यात जुन्या मोटारी तोडणाऱ्यांची वस्ती वाढली. एका हाताने मोटार जन्मास घालावी आणि थोड्याच अंतरावर दुसऱ्या हाताने तिचे उत्तरकार्य करावे, असे ते गाव. जन्म देणाऱ्या हातांना निदान हजेरीपट, प्रॉव्हिडंट फंड आणि युनियन तरी होती. उत्तरकार्य करणाऱ्यांना त्यांपैकी काहीच नव्हते.

२०२१ साली भारत सरकारने वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले आणि नोंदणीकृत केंद्रांचे नियम केले. गाडी तेथे दिली की प्रमाणपत्र मिळते, नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. मोडीची किंमत नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के येईल, असा अंदाज तेव्हा देण्यात आला. थाटाच्या गाडीच्या मालकाने मात्र या टक्क्यांवर विसंबू नये. सहा लाखांची गाडी साधारण एक टन भरते. साठ लाखांची भरेल फार तर दोन टन. किंमत दहापट, वजन दुप्पट ! तिच्यात ॲल्युमिनियम अधिक असते, धूर शुद्ध करणाऱ्या नळकांड्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मोलाचे धातू असतात, चालू स्थितीतील सुट्या भागांना गिऱ्हाईक असते. म्हणून तिचा एक-रकमी सौदा न करता या गोष्टींचा निराळा भाव विचारावा. आणि रोख पैसे हाती पडले म्हणून कागद विसरू नये. नोंदणी रद्द झाल्याखेरीज आणि सांगाड्यावरील क्रमांक कापला गेल्याखेरीज गाडी कायद्याने मेलेली नसते. तिच्या नावावर दुसरीच गाडी रस्त्यावर हिंडू लागली तर पोलीस तुमच्या दारी येतील.

हा झाला मालकाचा हिशेब. पण त्या प्रमाणपत्रावर इंजिनाचा क्रमांक असतो, सांगाड्याचा क्रमांक असतो, मालकाचे नाव असते. ज्याने ती गाडी तोडली त्याचे नाव नसते. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील जुने यंत्र लिलावातून येऊन पडले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. तोडणाऱ्यांना ते कोणी सांगितले नव्हते. त्यांनी ते इतर लोखंडासारखेच फोडले. कित्येकांना बाधा झाली, आणि एक कामगार मेला. ज्यांना त्या यंत्राचे नाव ठाऊक होते त्यांनी ते विकले. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी ते हाताने उघडले. बॅटरीतले शिसे आणि तेजाब, टाकीत उरलेले पेट्रोल, न फुटलेली हवेची पिशवी, हे सारे मोटारीतही असते; आणि तेही तोडणाऱ्याला कोणीतरी सांगावे लागते.

काटा नाव वाचत नाही, हे त्या भंगारवाल्याचे बोलणे खरे आहे. काट्याने वाचूही नये. राजाची गाडी आणि रंकाची गाडी त्याला सारखीच असावी, यातच त्याचा न्याय आहे. परंतु आपण काटे नव्हेत, माणसे आहोत. तेव्हा कधी काळी आपली मोडकी मोटार, मग ती थाटाची असो वा साधी, विकावयास जाल, तेव्हा भावाची घासाघीस अवश्य करा. ती झाली की आणखी एक प्रश्न विचारा : "ही तोडणार कोण, आणि त्याच्या हातात मोजे आहेत का ?" मोज्यांचा एक जोड त्या साडेसात हजारांत सहज बसला असता. त्या मुलाच्या हातावरचा डाग मी पुढे अनेक वर्षे पाहिला आहे.