पदवी, प्रकृती आणि परिस्थिती

विद्यार्थ्यांवरील ताण ही आपल्या काळाची देणगी आहे, अशी एक समजूत असते. इतिहास तसे सांगत नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि चार दशके पुरी होण्याआधीच हा प्रश्न महाराष्ट्रात जाहीर चर्चेचा झाला होता. १८९४ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पदवीधरांपुढे बोलताना विषय घेतला तो पदवीधरांच्या अकालमृत्यूंचा. आदल्याच वर्षी काशिनाथ त्र्यंबक तेलंग ४३ वर्षांचे असताना गेले होते. त्यापूर्वी, १८८२ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकर वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. १८९५ साली ३९ व्या वर्षी आगरकरही गेले. स्वतः रानडे यांची दृष्टी अतिवाचनाने तरुणपणीच अधू झालेली होती.

या पिढीवर भार तरी कशाचा होता? सारे उच्च शिक्षण परक्या भाषेतून. विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी १८६० च्या दशकातच वगळली गेलेली. ती परत यावी म्हणून रानडे अखेरपर्यंत झटले, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांनी विसरू नये. त्यात लग्ने लहानपणीच झालेली, आणि शिकणाऱ्या मुलाकडे सगळ्या घराचे डोळे लागलेले.

या भाराला तोंड देण्याचे दोन मार्ग डेक्कन कॉलेजात दिसतात. टिळक १८७३ साली तेथे दाखल झाले. त्यांनी पहिले वर्ष व्यायाम आणि पोहणे यांत घालवले, परीक्षेत अपयश पत्करले आणि पुढे गणित घेऊन बी.ए.ला पहिला वर्ग मिळवला. ही कथा आपण विद्यार्थ्यांना कौतुकाने सांगतो. पण तिची दुसरी बाजू त्याच कॉलेजातल्या आगरकरांच्या आयुष्यात आहे. त्यांच्याजवळ एकच सदरा होता. रात्री धुऊन तोच सकाळी घालावा लागे. टिळकांचे वडील वारले होते, तरी मागे थोडाफार आधार होता. आगरकरांना शिक्षणाचा खर्च स्वतः उभा करायचा होता. एक वर्ष शरीरासाठी राखून ठेवण्याची मोकळीक सर्वांना सारखी नसते. दम्याने पोखरलेले आगरकरांचे शरीर हा केवळ बेफिकिरीचा परिणाम म्हणता येणार नाही.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण याहून कठोर आहे. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या. परका आहार, कडाक्याची थंडी आणि खालावत चाललेली प्रकृती यांना तोंड देत १८८६ साली फिलाडेल्फियात त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. मिळवलेली विद्या वापरण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.

आपण या चरित्रांतून त्याग आणि जिद्द यांचे धडे काढतो, परंतु झालेल्या हानीचा हिशेब मांडत नाही. रानडे यांनी तो मांडला, हे त्या भाषणाचे मोल. विद्यार्थ्याने दिनक्रम आखावा, व्यायाम करावा, पुरेशी झोप घ्यावी, हा उपदेश योग्यच आहे. मात्र तो अपुरा आहे. ज्याला रात्रपाळी करून शिकावे लागते, त्याच्या वाट्याला संतुलन यावे यासाठी शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि परीक्षापद्धती यांचाही विचार व्हावा लागतो. वर्गात आगरकरांचा सदरा सांगताना आपण शिक्षकांनी समोरच्या बाकावरचा सदराही पाहावा.