माटोळीची जागा

पेडणे-डिचोलीतील आपल्या जुन्या घरांत सामान थोडे आणि माणसे फार. राजांगणाभोवतीच्या ओसरीवर दिवसा पाहुणे बसत, जेवणवेळी तिथेच पाट मांडले जात, रात्री चटया पसरत. सकाळी चटया गुंडाळल्या की जागा पुन्हा मोकळी. चितारी कारागिरांनी लाखेने रंगवलेला चौरंग चतुर्थीला गणपतीचे आसन होई. एरवी तो माळ्यावर असे.

गोव्यात देवाची जागाही परिस्थितीप्रमाणे बदलली. १५६० साली इन्क्विझिशन आले, तेव्हा तिसवाडी, बार्देश, साष्टी भागातील कित्येक कुटुंबांनी कागदावरचे चित्र वा पत्री पुजून चतुर्थी राखली. काही घरांत ती प्रथा आजही आहे. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून आपल्याकडे मातीची मूर्ती आणि तिच्यावरची भरगच्च माटोळी टिकली.

आता गावचे घर मोडकळीला आल्याने आमचा गणपती पर्वरीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येतो. सुताराने भिंतीत मिटणारा पलंग आणि घडीचे टेबल सुचवले. आई हसली, "आमचे पाट तरी काय वेगळे होते?" मग तिने विचारले, "माटोळी कुठे बांधणार?" फॉल्स सीलिंगचा बेत आम्ही तिथेच सोडला आणि स्लॅबला चार कड्या बसवून घेतल्या.

नवे घर सजवताना सुताराला ही जागा आधी दाखवावी, एवढीच विनंती.