बैलगाडीचं चाक आणि सिंकखालची मोटर

आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही. आज बोलायचंय खरकट्याबद्दल. ताटातलं उरलंसुरलं, भाजीची देठं, कांद्याची सालं यांचं पुढे काय होतं, आणि त्यापायी माझ्या घरची लाईट का जात होती, त्याची ही गोष्ट. ती अमेरिकेत सुरू होते, पण काळजी करू नका, येऊ आपण वर्ध्याला.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात रेसीन नावाचं गाव आहे. तिथे जॉन हॅम्स नावाचा एक आर्किटेक्ट राहायचा. १९२७ मध्ये त्याने सिंकच्या खाली बसणारं, खरकटं दळून गटारात सोडणारं एक यंत्र बनवलं. १९३५ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९३८ मध्ये त्याची ‘इन-सिंक-इरेटर’ ही कंपनी उभी राहिली. पुष्कळांना वाटतं की ह्या मशीनमध्ये मिक्सरसारखी पाती असतात. तसं काही नसतं. आत एक गोल तबकडी फिरते. ती खरकटं बाजूच्या खरबरीत कड्यावर भिरकावते आणि त्याच्यावर घासून घासून त्याचा लगदा होतो. वरून नळाचं पाणी सोडायचं, की लगदा पाइपातून खाली. हाताला काही लागत नाही. अमेरिकन घरांना हेच आवडलं.

पण मुळातच ह्या यंत्राने एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सिंकच्या खालून निघालेला पाइप एका मोठ्या, भरपूर पाणी वाहणाऱ्या भुयारी गटाराला जाऊन मिळतो, असं. न्यूयॉर्कसारख्या शहराचाही स्वतःच्या गटारांवर तेवढा भरवसा नव्हता. तिथल्या बऱ्याच भागात ह्या मशीनवर बंदी होती, ती उठली थेट १९९७ मध्ये.

आता वर्धा. आमच्या बिल्डिंगला भुयारी गटार नाही, सेप्टिक टँक आहे. तरी घराचं काम काढलं तेव्हा हौसेनं मी हे मशीन बसवलं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. पहिलं वर्ष झकास गेलं. मग पावसाळ्यात एक दिवस बटण दाबलं आणि अख्ख्या घराची लाईट गेली. बोर्ड उघडून बघितला तर आरसीसीबी पडलेला. वर केला, परत पडला. चार दिवसांनी तर कमालच झाली. मशीनचं बटण बंद, कोणी हातही लावलेला नाही, आणि फ्रिज सुरू झाला की लाईट गुल!

वायरमन आला. चांगला माणूस, आमच्याकडची सगळी कामं तोच करतो. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, हा डब्बाच काढून डायरेक्ट करून देतो. मंग काई ट्रिप-बिप होनार नाही.” आई ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, “अन् मंग मले शॉक लागला तं?”

आईच्या ह्या प्रश्नालाही इतिहास आहे.

आपल्या बोर्डात दोन प्रकारचे पहारेकरी असतात. एमसीबी बघतो की वायरमधून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट तर जात नाही ना. आरसीसीबीला त्याच्याशी देणंघेणं नाही. तो फक्त हिशेब जुळवतो. फेजमधून जेवढा करंट गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का? घरगुती आरसीसीबीत साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो डोळ्यांचं पातं लवायच्या आत लाईट तोडतो. कारण जो करंट परत आला नाही, तो कुठूनतरी जमिनीत गेला. ते ‘कुठूनतरी’ म्हणजे ओल्या हाताचं माणूसही असू शकतं.

किती करंट माणसाला धोक्याचा, हे आपल्याला कळलं कसं? कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, चार्ल्स डॅल्झिएल नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तांब्याची तार दिली, हळूहळू करंट वाढवला आणि बघितलं की कोणत्या आकड्याला हात तार सोडू शकत नाही. स्नायू आखडतात, मूठ आपोआप आवळली जाते. पुरुषांच्या बाबतीत सरासरी निघाली १६ मिलिअँपिअरच्या आसपास, बायकांच्या बाबतीत साडेदहा. आपला मोबाइल चार्जर फोनला जेवढा करंट देतो, त्याच्या कितीतरी पटींनी कमी. १९६१ मध्ये डॅल्झिएल यांनीच अमेरिकेत असा गळती पकडणारा स्विच तयार केला. तिकडे तो ५ मिलिअँपिअरलाच पडतो. म्हणजे आपला ३० वाला तसा सोशिकच म्हणायचा! तो वाचवतो ते मुख्यतः वेगामुळे. आणि माझ्या वायरमनला नेमका तोच काढायचा होता.

मग बटण बंद असताना लाईट का जात होती? ते कोडं मला फार आवडलं. आपल्या बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मशीनचं सील झिजलं, पाणी मोटरपर्यंत झिरपलं, आणि न्यूट्रल आतल्या आत अर्थिंगला टेकला. मग फ्रिजचा परतीचा करंट थोडा आपल्या रस्त्याने आणि थोडा ह्या चोरवाटेने जायला लागला. हिशेब जुळेना, आरसीसीबी पडला. बिचाऱ्या फ्रिजचा काही दोष नव्हता. प्लग सॉकेटमधून उपसला, तेव्हा लाईट टिकली. मीटर लावून वायरमनने इन्सुलेशन मोजलं आणि मग त्यालाही पटलं. “लोड जास्त हाय” हे त्याचं पहिलं निदान तसंही टिकणारं नव्हतं. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे पावणेचारशे वॅटच्या आसपास, आपल्या मिक्सरपेक्षाही कमी.

तर मशीन पडून आहे, आणि खरकटं रोज निघतंय. मग मी शोधायला लागलो की ज्या गावात मी राहतो, तिथे हा प्रश्न आधी कोणी सोडवला होता का. उत्तर घरापासून दोन-तीन किलोमीटरवर निघालं.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, म्हणजे मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघायला लागले. गांधीजीही तिथेच राहायला आले. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला ते गेले १९३६ मध्ये. त्याआधी मगनवाडीतून पहाटे मंडळी निघायची ती वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात. सिंदी रेल्वे नाही बरं का, ती वेगळी. रस्त्याकडेची घाण उचलायची, खड्ड्यात टाकायची, वर माती. गांधीजी त्यात होते, मीराबेन होत्या. त्याच मातीखाली तयार होणाऱ्या खताला मराठीत सोनखत म्हणतात. हा शब्द फार जुना आहे, कुण्या कॉपीरायटरने सुचवलेला नाही.

गंमत अशी, की नेमक्या त्याच वेळी इंदूरला ह्या गोष्टीचं पद्धतशीर शास्त्र तयार झालेलं होतं. १९२४ पासून तिथल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड शेतातल्या काडीकचऱ्यावर काम करत होते. १९३१ मध्ये दोघांच्या नावावर पुस्तक आलं. जगात गाजले ते हॉवर्ड, वाडांचं नाव आपल्यालाही माहीत नसतं. ही संस्था मुळात कापसासाठी होती, त्यामुळे त्यांच्यापुढे प्रश्न होता पऱ्हाटीचा. वर्धा जिल्ह्यातल्या लोकांना पऱ्हाटी काय ते सांगायला नको. लाकडासारखी टणक, वर्षानुवर्षं कुजत नाही, म्हणून आपण ती चुलीत घालतो. ह्या लोकांनी काय केलं? पऱ्हाटी शेतातल्या गाडीवाटेवर पसरून दिली. बैलगाड्या तिच्यावरून जात राहिल्या, चाकांखाली तिचा भुगा झाला. मग तो भुगा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख, पाणी असे थर. ठरावीक दिवसांनी वरखाली करायचं. तीन महिन्यांत खत.

म्हणजे हॅम्सचं तत्त्व तेच, आधी बारीक करा. फक्त इथला ग्राइंडर बैलगाडीचं चाक होता. न सील, न मोटर, न आरसीसीबी. आपल्याकडे म्हणतात, उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. इंदूरवाल्यांनी ती एका हंगामात फेडली! गांधीजींच्या ‘हरिजन’ने ही पद्धत १९३५ मध्ये वाचकांपर्यंत नेली. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये, फाळणीच्या त्या भयंकर दिवसांत, मीराबेनच्या पुढाकाराने दिल्लीत अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली आणि गांधीजींनी तिच्यावर लिहिलं. महिनाभराने ते गेले.

इथे थांबून “बघा, आपले पूर्वज किती शहाणे” असं म्हणणं सोपं आहे. मला ते म्हणवत नाही. सिंदीला महिनोन्महिने जाऊनसुद्धा गावाची सवय फारशी बदलली नाही. घाण उचलणं हे ठरावीक जातीचं काम, हे लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. बाहेरची मंडळी करताहेत तर करू द्यावं. खड्डा खणणं अवघड नव्हतं, अवघड होतं तो कोण चाळवणार हे ठरवणं. आणि खरं बोलायचं तर सिंकखालची मोटर आपल्याला हवी असते ती त्याचसाठी. वेळ वाचतो हे एक, पण आपलंच उष्टं आपल्याला बघावंही लागत नाही.

शिवाय फ्लॅटमध्ये गाडीवाट आणायची कुठून? ह्यावरही मराठी डोकी चाललेली आहेत. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ ह्या संस्थेने घरगुती खरकट्यावर चालणारा छोटा गॅस प्लांट बनवला आणि त्याला २००६ मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा मुद्दा साधा होता. शेण म्हणजे जनावराने आधीच पचवलेला माल. त्यापेक्षा भात-पोळी कितीतरी पट जास्त गॅस देते, तोही लवकर.

तुमच्याकडे असं मशीन असेल आणि लाईट जात असेल, तर आधी प्लग उपसा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. एमसीबी पडतो की आरसीसीबी, ते बघा. मशीन फक्त गुरगुरून थांबत असेल आणि घरची लाईट शाबूत असेल, तर बहुतेक काहीतरी अडकलंय. प्लग काढून चिमट्याने अडकलेलं काढा आणि बुडाशी असलेलं लाल बटण दाबा. आरसीसीबी पडत असेल तर वायरमनला इन्सुलेशन मोजायला सांगा. पण डायरेक्ट करू देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये ठरलंय, की पार्किंगच्या मागे दोन खड्डे करायचे. खणायला सगळे तयार झाले. चाळवायला बाहेरचा माणूस लावू, असा ठराव आला तेव्हा आई उठून उभी राहिली आणि म्हणाली, “खरकटं आपलं अन् हात दुसऱ्याचा काहून?” अर्धा तास वाद झाला. शेवटी मजल्यांच्या पाळ्या लावल्यात. पहिला रविवार आमचा आहे.