परवान्याची बंदूक : हक्क की मेहेरबानी?

ग्वाल्हेर-चंबळ भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना खांद्यावर दुनळी अडकवून भरबाजारात फिरणारा गृहस्थ अपरिचित नाही. भिंड-मुरैन्याकडे बंदुकीचा परवाना हे घराण्याच्या प्रतिष्ठेचे लक्षण समजले जाते. शासकीय सेवेत असताना आम्ही असे अनेक अर्ज पाहिले. कारण बहुधा एकच असे, 'जीवितास धोका'. धोका कोणापासून, असे विचारले की उत्तर मोघम मिळे. या परवान्याचा इतिहास म्हणूनच पाहण्याजोगा आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने प्रजेच्या हातची शस्त्रे काढून घेण्यास आरंभ केला. त्या धोरणाला पक्के रूप आले ते लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ च्या शस्त्र कायद्याने. परवान्यावाचून सशस्त्र फिरण्यास त्याच्या १३ व्या कलमाने मनाई केली. गोऱ्यांना मात्र सूट होती. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. तो लॉर्ड रिपनच्या काळात रद्द झाला, शस्त्र कायदा राहिला. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला होता. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतील वंशभेद गेला, परवाना गेला नाही. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घातला गेला.

मग स्वतंत्र भारताच्या घटनेत तो का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. कामत हे आय.सी.एस.चा राजीनामा देऊन चळवळीत आलेले. पुढे ते होशंगाबादमधून लोकसभेवरही गेले. कराची ठरावाचा आधार त्यांच्यापाशी होता. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीस विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन मारक शस्त्रे बिनदिक्कत विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालेल कसा, हा त्यांचा प्रश्न होता. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेच्या १९ व्या कलमाने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, तेही शांततेने आणि विनाशस्त्र.

१९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अमलात आला. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावीत आणि अर्जदारास अपील करता यावे, अशी तरतूद त्यात आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी बंदूक न्यायची ती खोळीत घालून. ती उगारण्यास वा उडवण्यास बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. लग्नावरातीत हर्षाने गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

कायदा असा कडक होत असताना प्रशासनाने काय केले? २००८ मध्ये शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्यास परवान्यात प्राधान्य देऊ केले गेले. २०१९ मध्ये ग्वाल्हेरला अर्जदारांना दहा रोपे लावण्याची अट घातली गेली. हेतू चांगले असतील. परंतु ज्याला खरा धोका आहे त्याने आधी झाड का लावावे, आणि ज्याला नाही त्याला झाड लावल्याने बंदूक का मिळावी?

शस्त्र कायद्याचा जन्म प्रजेवरील अविश्वासातून झाला, हे खरे. तथापि घटनाकारांनी परवान्याची पद्धत विचारपूर्वक स्वीकारली, ती नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी. परवाना बक्षीस म्हणून वाटला गेला की ते कारण उरत नाही. वरातीत उडालेली गोळी परवान्याची आहे की चोरीच्या बंदुकीची, याने मरणाऱ्याच्या घराला काही फरक पडत नाही. म्हणून अर्जावर सही करणाऱ्याने अर्जदाराचा धोका तेवढा तपासावा, एवढेच आमचे मागणे आहे.