रेषा आणि तार

शालेय पुस्तकातील विद्युत परिपथाची आकृती मोठी नेटकी असते. एक घट, एक कळ, एक दिवा आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा. या रेषांना लांबी नसते, रोध नसतो, त्या कधी भिजत नाहीत. खरी तार मात्र रेषेसारखी वागत नाही. हे ज्ञान माणसाने कोणत्या किमतीला मिळवले, त्याची कथा आम्हांला सूत्रांइतकीच महत्त्वाची वाटते.

व्होल्टाने १८०० साली विद्युत घटमालेची वार्ता जगाला दिली. विभवांतर, धारा आणि रोध यांचे नाते ओहमने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडले, पण मायदेशी त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले तेव्हा १८४१ साल उजाडले होते. दरम्यान तारायंत्र व्यवहारात आले होते. जमिनीवरील तारेत संदेश क्षीण झाला की आणखी घट जोडावेत, एवढ्या अनुभवावर बरेच काम भागत असे.

समुद्राने हा अनुभव अपुरा ठरवला. पाण्याखालच्या तारेत मधोमध तांबे, त्याभोवती गटापर्चाचे वेष्टन आणि बाहेर खारे पाणी. म्हणजे ही नुसती तार नव्हे, तर विद्युतभार साठवणारे शेकडो मैल लांबीचे एक पात्रच! तारेची लांबी दुप्पट केली, तर संदेशाचा विलंब चौपट होईल, असे विल्यम थॉमसनने १८५४-५५च्या सुमारास गणिताने दाखवले. तांबे जाड आणि शुद्ध असावे, वेष्टनही जाड असावे आणि क्षीण धारा टिपणारे नाजूक उपकरण वापरावे, हा त्याचा निष्कर्ष.

अटलांटिक कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हा मूळचा शल्यवैद्य. त्याने हा नियम जाहीरपणे नाकारला. तो प्रयोगशून्य नव्हता. स्वतःच्या मोजमापांवर त्याचा दृढ विश्वास होता. ५ ऑगस्ट १८५८ रोजी तार दोन्ही किनाऱ्यांना पोहोचली. राणी व्हिक्टोरियाच्या ९८ शब्दांच्या संदेशाला सुमारे सोळा तास लागले. व्हाइटहाउसने प्रवर्तन-वेटोळ्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला होता. महिन्याभरात तार मुकी झाली. ती निर्मितीपासूनच सदोष होती, हे खरे. पण या दाबाने तिचा अंत जवळ आणला.

या अपयशाची सविस्तर चौकशी झाली. तिचा अहवाल १८६१ साली आला. त्याच वर्षी थॉमसनच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण ठरवण्यासाठी समिती नेमली. आता एकाने मोजलेला रोध दुसऱ्याला पडताळता येणार होता. १८६६ साली अटलांटिकची टिकाऊ तार पडली आणि १८७० साली मुंबईही एडन-सुएझमार्गे समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली.

येथे सिद्धांत जिंकला आणि अनुभव हरला, असे म्हणणे सोपे आहे. आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. ओहमचे सूत्र एकट्याने त्या तारेचे कोडे सोडवू शकले नसते; भार साठवण्याचा गुणधर्म हिशेबात घ्यावा लागला, आणि तो भूमिगत व समुद्री तारांवर काम करणाऱ्यांच्या निरीक्षणांतूनच पुढे आला होता. व्हाइटहाउसचा दोष अनुभवावर विसंबण्याचा नव्हता, तर अनुभवाला प्रश्न विचारू न देण्याचा होता. सूत्र पाठ करून गुण मिळवणारा, पण आयुष्यात एकदाही तारेचा रोध न मोजलेला विद्यार्थी हा त्याच दोषाची दुसरी बाजू आहे. त्याच्या हाती आकृतीबरोबर एक मीटर आणि गंजलेला एक सांधा दिला पाहिजे.